नित्यकर्मातील योग आणि आपले मंदिर

ग्रामस्थांचे श्रमदान व देणगीदारांचे औदार्य यांमुळे आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला, ही परम आनंदाची गोष्ट होय. या मंगल प्रसंगी, ज्या शिकवणुकीसाठी मंदिरे उभी राहिली तिचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहे.

योग म्हटला की आसन घालून बसलेला योगी डोळ्यांसमोर येतो. तो योग थोर खराच. परंतु यश येवो वा अपयश, मन समतोल राखणे व हातचे काम कौशल्याने करणे, यासही भगवद्गीता योगच म्हणते. गीता संस्कृतात असल्याने सामान्य जनांस ती दूरच होती. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे तिचा अर्थ मराठीत सांगितला. महाराज नाथपरंपरेतले. सहाव्या अध्यायात त्यांनी कुंडलिनीचे सविस्तर वर्णन केले आहे. तरीही आपल्या वाट्यास आलेले कर्म नीट करून ते ईश्वरास अर्पण करणे हीच त्याची पूजा, असे त्यांनी सांगितले.

ही शिकवण संतांनी आचरून दाखविली. अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल भेटला. तेरच्या गोरोबाकाकांनी मडकी घडविता घडविता नामस्मरण केले. जनाबाईंनी दळणकांडण करताना देव जवळ केला. यांपैकी कोणीही आपला धंदा वा घरकाम सोडून रानात गेले नाही. शेतकऱ्याने बांध न कोरणे, दुकानदाराने माप पुरे देणे, आमच्यासारख्या कारकुनाने कचेरीत आलेल्या म्हाताऱ्या माणसास विनाकारण हेलपाटा न पडू देणे, हाही योगाभ्यासच आहे.

याच इतिहासात एक दुःखाचे पानही आहे. संत चोखामेळा मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असता इ. स. १३३८ मध्ये भिंत कोसळून वारले, असे सांगतात. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर आहे. ज्यांनी जन्मभर विठ्ठलाचे नाम घेतले त्यांना राऊळात प्रवेश मात्र नव्हता. पुढे सहाशेंहून अधिक वर्षे त्यांचे बांधव बाहेरच उभे राहिले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, तेव्हा ते द्वार सर्वांस खुले झाले. सर्वांभूती एकच ईश्वर पाहणे हा गीतेचा योग पोथीत होता. तो उंबरठ्यापर्यंत यावयास इतका काळ लागला.

म्हणून ग्रामस्थ बंधुभगिनींस नम्र विनंती की, मंदिराचा कळस नवा झाला तसे आपले आचरणही नवे व्हावे. ज्यांनी हजारांची देणगी दिली आणि ज्यांनी वाळूच्या पाट्या वाहिल्या, ते देवापुढे एकाच पंगतीचे आहेत. दर्शनाची रांग, प्रसाद व काकड्याचा मान यांत हा भाव टिकला, तर जीर्णोद्धारासाठी केलेले श्रम व द्रव्य खऱ्या अर्थाने सार्थकी लागले असे म्हणता येईल.