अधिरथाचा मुलगा

मराठी घरात कर्ण येतो तो सहसा व्यासांच्या महाभारतातून नाही, शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधून. १९६७ साली ही कादंबरी आली तेव्हा सावंत जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. जन्म आजऱ्याचा, नोकरी कोल्हापुरात शाळामास्तराची. या वयात आम्ही अप्रेझलचा फॉर्म भरताना रडतो. या माणसाने शाळा सांभाळून नऊ खंडांची कादंबरी लिहिली होती.

मी ती पहिल्यांदा वाचली दहावीच्या सुट्टीत, गोखिवऱ्यात. त्यानंतर तीन-चार वेळा तरी वाचली असेल. भाषा जड वाटली, अजूनही वाटते. सावंतांना सूर्य एका विशेषणात मावतच नाही. पण पन्नासेक पानांनंतर सुटका नव्हती, कारण सगळं जग ज्याला चुकीचं समजतं तो माणूस इथे स्वतः बोलत होता. मेरी शेलीने १८१८ साली 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये हेच केलं होतं. ज्याला सगळे राक्षस म्हणतात त्यालाच मधली काही प्रकरणं बोलायला दिली आणि वाचक त्याच्या बाजूला गेला. सावंतांनी तर सहा जणांना बोलतं केलं: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण.

मी कर्णाच्या बाजूला जायला आणखी एक कारण होतं. माझे वडील टेम्पो चालवतात. गोखिवरे-वालीवच्या गाळ्यांतला माल भरायचा आणि भिवंडीच्या गोदामांत नेऊन टाकायचा. कॉलेजात कुणी विचारायचं, बाबा काय करतात? 'ड्रायव्हर आहेत' म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा नाही. आणि सूत म्हणजे तरी कोण? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई यांची संतती म्हणजे सूत, आणि त्याचं काम घोडे आणि रथ सांभाळणं. थोडक्यात, ड्रायव्हर.

आदिपर्वातला रंगभूमीचा प्रसंग आठवा. अर्जुनाने जे जे केलं ते सगळं कर्ण करून दाखवतो. कृपाचार्य त्याला कूळ विचारतात. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. आणि नेमका त्याच वेळी अधिरथ रंगभूमीवर येतो. घामाघूम, थरथरत, काठीच्या आधाराने, उपरणं घसरलेलं. कर्ण धनुष्य बाजूला ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओलं झालेलं डोकं सगळ्यांदेखत त्याच्यापुढे झुकवतो. अधिरथ गडबडतो, वस्त्राच्या टोकाने आपले पाय झाकतो आणि 'पुत्रा' म्हणतो. मग भीम हसून सांगतो की तुझ्या कुळाला शोभेल असा चाबूक हातात घे.

आपण हळहळतो ती इथे. पण नक्की कशासाठी? 'अरे, हा तर कुंतीचा मुलगा, खरा क्षत्रिय, आणि याला चाबूक घ्यायला सांगतात!' समजा तो खरोखरच अधिरथाचा असता, तर भीमाचं बोलणं बरोबर ठरलं असतं का? कर्णाच्या गोष्टीतली ही गुप्त जन्माची भानगड मला दुसऱ्या-तिसऱ्या वाचनापासून टोचायला लागली. आपला हिरो बहिष्कृत वाटतो, पण आतून मोठ्या घरचाच निघतो. सूत बिचारा जिथे होता तिथेच राहतो.

सावंत ज्या गावात शिकवत होते त्या कोल्हापूरला हा प्रश्न नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या तोंडावर तिथल्या पुरोहिताने खुद्द शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला होता. राजाला जन्म विचारला गेला! महाराज आपल्या क्षत्रियत्वासाठी भांडले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. दुर्योधनाने एकाच सूतपुत्राला राजा केलं होतं, हा फरक मला फार मोठा वाटतो.

'मृत्युंजय' आली त्याच सुमाराला पुण्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. विष्णु सुखठणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी १,२५९ हस्तलिखितं पडताळली. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर देशभर झालेले शेकडो फोर्क समोर ठेवायचे, ओळीओळीचा डिफ काढायचा आणि सगळ्यांच्या मुळाशी काय असेल ते शोधायचं. तेही कॉम्प्युटरशिवाय. मी सूताला वरणार नाही, असं द्रौपदी स्वयंवरात म्हणते ना? ते या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, तळटीपेत गेलं. तिथे कर्णाला धनुष्य जमत नाही, एवढंच. द्यूतसभेत तो द्रौपदीला घाणेरडा शब्द वापरतो आणि तिची वस्त्रं काढायला सांगतो, ते मात्र जागच्या जागी आहे. चाहत्याला पचायला जड, पण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे इरावती कर्वे यांचं 'युगान्त', तेही १९६७ चंच. त्यातल्या कर्णावरच्या लेखाचं नाव 'मी कोण?'. इरावतीबाई कुणाचेच लाड करत नाहीत, कर्णाचेही नाहीत. 'मृत्युंजय' वाचून डोळे पुसत असाल तर लगेच हा लेख वाचू नका. आठवडाभराने वाचा.

हे सगळं वाचूनही माझं प्रेम आटलं नाही, पण त्याची जागा हलली. ते आता उद्योगपर्वात आहे. युद्धाआधी कृष्ण कर्णाला जन्माचं खरं सांगतो, राज्य देऊ करतो, पांडव तुझ्या पाया पडतील म्हणतो. कर्ण नाही म्हणतो. अधिरथाने मला वाढवलं, राधेने माझं मलमूत्र काढलं, माझे संस्कार सूतांच्या रीतीने झाले, बायका सूतांच्या घरातल्या आहेत. सोन्याच्या राशी दिल्या तरी हे नातं खोटं करणार नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. दुर्योधनाचे उपकार पुढे येतात, पण आधी येतं घर. क्षत्रिय होण्याची ऑफर समोर असताना तो ड्रायव्हरचा मुलगा राहतो. गुप्त जन्माची भानगड मला इथे चालते, कारण ती नसती तर त्याला निवड करताच आली नसती.

सावंतांना हे कळलं होतं, असं मला वाटतं. म्हणून तर त्यांनी शोणला बोलायला दिलं. शोण म्हणजे कर्णाचा धाकटा भाऊ, अधिरथ-राधेचा पोटचा, हस्तिनापूरला निघालेल्या रथामागे धावणारा. त्याच्या जन्मात कसलंही गुपित नाही. नाहीतरी महाभारत सांगतो कोण? नैमिषारण्यात ऋषींना सगळी कथा ऐकवणारा उग्रश्रवा सौती हा सूत. धृतराष्ट्राला युद्ध सांगणारा संजय, तोही सूत. गोष्ट पहिल्यापासून त्यांच्याच तोंडी आहे.

त्या सहा निवेदकांत अधिरथ मात्र नाही. मागे एका रविवारी मी वडिलांना रंगभूमीचा प्रसंग सांगितला. म्हटलं, बाबा, राजा झालेला मुलगा पाया पडतोय, तर अधिरथाने पाय का झाकले असतील? लाजला असेल का?

ते म्हणाले, "लाजायचंय काय त्यात? दिवसभर रथ हाकून आला होता ना. पाय मळलेले असणार."