तण फुकट, रान कुणाचं?

1972 च्या दुष्काळावर पुष्कळ लिहून झालं. खडी फोडणं, नालाबंडिंग, सुकडी, अमेरिकेची मिलो. मे 1973 मध्ये जवळजवळ 50 लाख माणसं सरकारी कामांवर होती, हाही आकडा पुस्तकात सापडतो. त्यांच्या भाकरीवर कोरड्यास काय होतं, ते कुणी विचारलं नाही. मी सांगतो. जिथं मिळालं तिथं तण होतं.

घोळ, चिवळ, तांदुळजा, कुंजर, तरोटा, पाथरी, केना. शेतकरी जे उपटून बांधावर फेकतो, ते आमच्या चुलीवर शिजलं. इंग्रजांना याची खबर होती. 1899-1900 च्या, म्हणजे छपन्नच्या दुष्काळानंतर जी. ए. गॅमी या वनस्पतीशास्त्रज्ञानं मुंबई इलाख्यात टंचाईत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर 1902 साली टिपण छापलं. पण ही विद्या दप्तरातली नव्हे, खुरपणाऱ्या बायांची. माझ्या आयला अक्षर येत नव्हतं. तरोटा कोवळा असतानाच खुडायचा, कुर्डू तुरा यायच्या आत, हे तिला पाठ. घोळीसारखंच भुईला चिकटून पसरणारं एक दुधी तण असतं. देठ मोडून पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्यायचं. पाथरीलाही चीक असतो आणि ती खातात, म्हणजे नुसत्या चिकावर भागत नाही, पान ओळखावं लागतं. घोळ उकळून ती पाणी ओतून द्यायची. घोळीत ऑक्सॅलेट फार, उकळून पाणी टाकलं की कमी होतं, असं आज शास्त्र सांगतं. मुतखडा असलेल्यानं तरीही जपूनच खावी.

आय म्हणायची, "तणाचं कोण पैसं मागतंय, लेका?" पैसे कुणी मागत नव्हतं, हे खरं. पण रान आमचं नव्हतं. चांगल्या सालात आषाढात घरातलं दाणं संपायचं, पीक लांब असायचं, आणि नेमकं तेव्हाच तण उगवायचं. तेवढ्यावर निभायचं. 72 ला पाऊसच नाही. हिरवं राहिलं ते विहिरीखालच्या मळ्यात, पाटाच्या कडेला. ज्या विहिरीवर आमचा पोहरा चालत नव्हता, तिच्याच पाटाची घोळ! खुरपायला बोलावलं तर संध्याकाळी ओटीतून आणायची. नाही बोलावलं तर बांधावर पाय ठेवला म्हणून शिव्या. एका मळेवाल्यानं आयला भरली ओटी बांधावरच झाडायला लावली होती. भाजी जनावरानंसुद्धा खाल्ली नाही, तिथंच वाळली.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 ला आणि पुन्हा 1964-65 ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक जमीन द्या, ही मागणी. मी त्याकडे या बाजूनंही बघतो. स्वतःचं रान म्हणजे ज्वारी तर खरीच, पण कुणाला न विचारता भाजी खुडता येईल अशी जागाही.

आता शहरात रानभाजी महोत्सव भरतात, टाकळ्याची जुडी पैशानं विकली जाते. विकणारी आपली बाई असेल तर मला आनंदच आहे. इकडे शेतात तणनाशक आलं. फवारलेल्या रानातलं, गटाराकाठचं खाऊ नका. खुरपणीची मजुरीही गेली आणि ओटीतली भाजीही. पडीक रानात गाजरगवत माजलंय, 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं. ते खायचं नाही, अंगाला खाज सुटते. गंमत बघा, त्याला रेटायला शास्त्रज्ञ टाकळाच पेरायला सांगतात.

मित्रांनो, 72 ला खुरपं धरलेल्या बाया आज ऐंशीकडे झुकल्यात. त्यांच्याकडे वही घेऊन जा. भाजीचं नाव लिहा, कधी खुडायची ते लिहा, आणि कुणाच्या बांधावरून आणली तेही विचारा.