बर्फातली खिदमत

'मदत' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो अरबीतून फारसीमार्गे आला हे सांगावं लागतं. 'खिदमत' मात्र अजून आपल्या मोहल्ल्यातच राहिला आहे. या दोन शब्दांत मला एक फरक जाणवतो. मदत प्रसंगाने होते. खिदमतीला तयारी आणि सातत्य लागतं. हा फरक ज्या इतिहासात मला सर्वात स्पष्ट दिसला, तो इतिहास बर्फाचा आहे.

नॉर्डिक स्की म्हणजे टाच मोकळी ठेवून, लांब अरुंद पट्ट्यांवर चढ-उतार स्वतःच्या पायांनी कापणं. वर नेणारा पाळणा नाही, यंत्र नाही. या प्रकाराचं एक जुनं वर्णन फारसीत आहे. हमदानचे रशीदुद्दीन, इलखानी दरबाराचे वजीर, यांनी 14व्या शतकाच्या आरंभी 'जामिउत्तवारीख' लिहिली. तीत उत्तरेकडच्या जंगलात राहणाऱ्या लोकांबद्दल ते सांगतात: पायाखाली 'चाना' नावाच्या फळ्या, हातात काठी, आणि नाव हाकावी तशी ती काठी बर्फात रेटायची. दुसरी चाना सोबत बांधून तिच्यावर शिकार लादायची. नवशिक्याचे पाय उतारावर फाकतात आणि इजा होते, हेही ते नोंदवतात. ओझं वाहणारी फळी आणि जखमी होणारा माणूस, दोन्ही तिथे एकाच वर्णनात आहेत. पुढे माणसाने एवढंच केलं की त्या फळीवर शिकारीऐवजी जखमी माणूस ठेवला.

ते संघटितपणे व्हायला मात्र 20वं शतक उजाडावं लागलं. 1936च्या नववर्षाला अमेरिकेत व्हर्माँटमधल्या स्टोव इथे चार्ल्स मायनट डोल या विमा व्यावसायिकाचा घोटा मोडला. मदतीची काही व्यवस्था नव्हती. फ्रँक एडसन आणि इतर सोबत्यांनी छपराच्या पत्र्याचा तुकडा शोधला आणि त्यावरून त्यांना ओढत खाली आणलं. काही आठवड्यांतच एका शर्यतीत एडसन स्वतः जखमी होऊन वारले. डोल यांनी आधी एका समितीद्वारे अपघातांचा अभ्यास केला आणि 1938 मध्ये 'नॅशनल स्की पेट्रोल' उभं केलं. दुःख झालं म्हणून ते लगेच धावत सुटले नाहीत. आधी अपघात का होतात ते पाहिलं, मग माणसं शिकवली. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

आज ऑरेगनमधल्या क्रेटर लेक राष्ट्रीय उद्यानात असे नॉर्डिक स्वयंसेवक काम करतात. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी ज्वालामुखी कोसळून झालेलं हे सरोवर. हिवाळ्यात इथे सरासरी 12 मीटरच्या आसपास हिम पडतं, काठाचा रस्ता बंद होतो, आणि सुमारे 50 किलोमीटरची प्रदक्षिणा स्कीवरून केली जाते. बहुतेकांना त्यासाठी दोन-तीन दिवस लागतात.

अशा जागी गस्त घालणाऱ्याचं काम दिसायला साधं असतं. येणाऱ्याला हवामान सांगायचं, हिमकडा कुठे कोसळू शकतो ते सांगायचं, वाटेवर लक्ष ठेवायचं. पाठीवरच्या पिशवीत प्रथमोपचाराचं सामान, जादा गरम कपडे, आडोशासाठी कापड, दोरी. कोणी पडला तर पहिली काळजी मोडलेल्या हाडाइतकीच खालच्या बर्फाची; जखमीच्या अंगाखाली काहीतरी घातलं नाही, तर जमीनच त्याची ऊब शोषून घेते. मग त्याला घसरगाडीवर बांधून बाहेर काढायचं. यंत्र नेहमी पोहोचतंच असं नाही, म्हणून यात तासन्‌तास जाऊ शकतात. बहुतेक दिवशी यातलं काहीच घडत नाही. तो माणूस दिवसभर थंडीत फिरतो आणि घरी परततो. पगार नाही, बातमीही नाही.

आपल्या फिकहमध्ये 'फर्ज-ए-किफाया' ही कल्पना आहे. काहींनी पार पाडलं तर सर्वांची जबाबदारी उतरते; कोणीच केलं नाही तर सर्व गुन्हेगार. आपण याचं उदाहरण म्हणून बहुधा जनाज्याची नमाज सांगतो. पण माणूस जिवंत असताना त्याला उचलणाराही कोणी हवा. सूरह माइदाची 32वी आयत आपल्या कितीतरी भाषणांत येते. भाषण ऐकून उठणाऱ्यांपैकी रक्त थांबवायला, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायला किती जणांना येतं?

आपल्या वस्त्यांत पूर आला, आग लागली की तरुण धावतात; जीव धोक्यात घालतात. त्यांच्या नियतीबद्दल मला शंका नाही. उणीव आहे ती पुराआधीच्या कोरड्या महिन्यांत: सरावाची, ठरलेल्या पाळ्यांची, भरून ठेवलेल्या पिशवीची. डोल यांच्यासाठी शोधावा लागलेला तो पत्रा म्हणजे मदत. आज उद्यानात आधीच तयार उभी असलेली घसरगाडी म्हणजे खिदमत. जुम्याच्या नमाजनंतर महिन्यातून एक तास मशिदीच्या आवारात प्रथमोपचार शिकवायला जागा, माणसं आणि वेळ, तिन्ही आपल्याकडे आहेत.