छाट

सोलापूरच्या पूर्व भागात माझी अव्वा घरी बसून विड्या वळायची. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, रात्री उशिरापर्यंत वळायची आणि सकाळी तयार विड्या नेऊन द्यायची. तिथला चेकर एकेक जुडी बघायचा आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूला काढायचा. ती छाट. तिचे पैसे मिळायचे नाहीत. मला तेव्हा चेकरच्या बोटांचा भयंकर राग यायचा. पुढे कळलं, की कायद्याने अव्वाला कामगार मानलं ते याच बोटांमुळे.

मालकांचं म्हणणं सोपं होतं: बाई स्वतःच्या घरी, स्वतःच्या सवडीने काम करते. आम्ही तिच्यावर लक्ष ठेवत नाही, मग आम्ही तिचे मालक कसे? कारण मालक ठरलं, की भरपगारी रजा, बाळंतपणाचे पैसे, प्रॉव्हिडंट फंड, सगळं द्यावं लागतं.

१९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार म्हटलं. मध्ये ठेकेदार असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटेना. महाराष्ट्राच्या नियमांत तर छाट साधारणपणे ५ टक्क्यांच्या वर नको, असंही आलं. विडी उत्पादक कोर्टात गेले. १९७४मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. मग फंडाचा वाद उभा राहिला. १९८५मध्ये कोर्टाने सांगितलं, की माल नाकारायचा हक्क ज्याच्या हातात, त्याचंच कामावर नियंत्रण. म्हणजे छाट काढणारा मालकच.

पण अव्वाला फंड मिळाला नाही. तिच्या नावाचं कार्डच नव्हतं. ती जावेच्या कार्डावर वळायची. कायद्याच्या लेखी कामगार, कारखान्याच्या वहीत कोणीच नाही.

आता तुमच्या दारात जेवण घेऊन येणाऱ्या पोराचं बघा. त्याची प्रत्येक फेरी, प्रत्येक रेटिंग फोनमध्ये नोंदलेलं असतं. रेटिंग घसरलं तर त्याचा आयडी बंद होऊ शकतो. ही छाटच की! पण २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता त्याला 'गिग कामगार' म्हणते, म्हणजे नेहमीच्या मालक-कामगार नात्याबाहेरचा. त्याच्यासाठी योजनांची सोय आहे, पण त्याचा मालक कोण, याचं उत्तर नाही.

अव्वाकडे कायदा होता, नोंद नव्हती. याच्याकडे सगळी नोंद आहे.