पोलंडची चित्रपट-भित्तिपत्रके आणि तणावप्रधान चित्रपट (१९४६ ते १९८९) : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

चित्रपटाशी प्रेक्षकाची पहिली भेट चित्रपटगृहात होत नाही, ती रस्त्यावरच्या भिंतीपाशी होते. असे असूनही चित्रपटाच्या इतिहासलेखनात भित्तिपत्रकाला साधन म्हणून फारसे स्थान मिळालेले दिसत नाही. पटकथा, सेन्सॉरची कागदपत्रे, समकालीन परीक्षणे, कलावंतांच्या मुलाखती यांची छाननी होते. भित्तिपत्रक मात्र जाहिरातीची वस्तू म्हणून बाजूला ठेवले जाते. बहुतेक देशांच्या बाबतीत ही उपेक्षा काही अंशी समर्थनीयही आहे. निर्मात्याने ठरवून दिलेला नटनटींचा चेहरा आणि मोठ्या अक्षरांतील नाव यापलीकडे त्यात काही असेलच असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरचा पोलंड हा या नियमाला असलेला ठळक अपवाद होय. तेथे परदेशी चित्रपटाचे मूळ भित्तिपत्रक सहसा वापरलेच जात नसे; देशातील चित्रकार ते नव्याने रचीत. एकाच चित्रपटाची दोन निरनिराळी भित्तिपत्रके शेजारी ठेवून पाहण्याची सोय त्यामुळे अभ्यासकाला लाभते. पर्यायी भित्तिपत्रकांचा जो छंद आज जगभरच्या चित्रपटरसिकांत दिसतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

प्रस्तुत निबंधात तणावप्रधान चित्रपटांच्या भित्तिपत्रकांवर विशेष भर दिला आहे. ही निवड रसिकाच्या आवडीतून झाली असली, तरी तिला कारणही आहे. ज्या चित्रपटात घटनेपेक्षा घटनेची वाट पाहणे अधिक महत्त्वाचे असते, त्याचे एका स्थिर चित्रात रूपांतर करणे सर्वांत कठीण. नृत्य दाखविता येते, युद्ध दाखविता येते. धास्ती कशी दाखवावी?

आरंभ : एक अट आणि तिचे परिणाम

१९४५ मध्ये पोलंडचा चित्रपट-उद्योग 'फिल्म पोल्स्की' या सरकारी संस्थेच्या ताब्यात गेला. वॉर्सा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग तेव्हा उद्ध्वस्त झालेला होता. पडक्या इमारतींच्या भोवतीची कुंपणे हीच भित्तिपत्रके डकविण्याची जागा. या संस्थेने हेन्रिक तोमाशेव्स्की, एरिक लिपिंस्की आदी चित्रकारांकडे कामाची विचारणा केली. प्रतिष्ठित चित्रकाराने सिनेमाच्या जाहिराती रंगविणे तेव्हा कमीपणाचे समजले जाई. काम स्वीकारताना या चित्रकारांनी आपल्या पद्धतीने, म्हणजे कलावंत म्हणून, रचना करण्याची मोकळीक मागितली आणि ती मान्य झाली. १९४८ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय भित्तिपत्रक-प्रदर्शनात तोमाशेव्स्की यांना पाच प्रथम पारितोषिके मिळाली. ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'चे त्यांचे भित्तिपत्रकही याच वर्षीचे आहे.

त्याच वर्षीच्या आणखी एका भित्तिपत्रकापाशी थांबणे आवश्यक वाटते. वांदा याकुबोव्स्का यांचा 'अखेरचा टप्पा' हा चित्रपट आउश्विट्झ-बिर्केनाऊ छळछावणीतील स्त्रियांविषयीचा. दिग्दर्शिका स्वतः तेथे बंदिवान होत्या आणि चित्रीकरणही त्याच जागेवर झाले. तादेऊश त्रेपकोव्स्की यांनी भित्तिपत्रकावर मनुष्याकृती काढलीच नाही. कैद्यांच्या पोशाखाचे उभे पट्टे आणि त्यावर देठ मोडलेले एक फूल, एवढेच. प्रेत नाही, तारेचे कुंपण नाही. पाहणाऱ्याला पट्ट्यांचा अर्थ सांगावा लागत नव्हता. त्या शहरात तो प्रत्येकाला ठाऊक होता. भित्तिपत्रक आपल्या प्रेक्षकाच्या स्मृतीवर किती भार टाकू शकते, याचे याहून बोलके उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. नंतर युद्धविरोधी भित्तिपत्रकातही (१९५२) त्रेपकोव्स्की यांनी हीच काटकसर ठेवली : कोसळणारा बॉम्ब आणि त्याच्या आकारातच कोरलेली पडकी इमारत. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, त्यांचे निधन झाले.

१९४९ नंतर समाजवादी वास्तववाद हे अधिकृत धोरण झाले आणि ही मोकळीक आकुंचित झाली. तरीही याच काळात, १९५२ मध्ये, वोयचेख फांगोर यांनी रने क्लेमाँ यांच्या 'मालापागाच्या भिंती' या चित्रपटाचे भित्तिपत्रक केले. खुनाच्या आरोपातून पळून जेनोआ बंदरात उतरलेल्या माणसाची ही कथा. पोलिश भित्तिपत्रक-संप्रदायाचा आरंभ अनेक जण या चित्रापासून मानतात. 'पोलिश संप्रदाय' ही संज्ञा रूढ झाली ती मात्र बरीच नंतर, यान लेनित्सा यांनी १९६० मध्ये 'ग्राफिस' या स्विस नियतकालिकात लिहिलेल्या लेखामुळे.

तारखांची साक्ष

भित्तिपत्रकांवरील तारखा इतिहासकाराला पुष्कळ सांगतात. बिली वाइल्डर यांचा 'सनसेट बुलेव्हार्ड' १९५० चा; वाल्देमार श्व्येझी यांनी केलेले त्याचे पोलिश भित्तिपत्रक १९५७ चे. मधली सात वर्षे ही वितरणातील दिरंगाई नव्हे. स्टालिनचा मृत्यू १९५३ मध्ये झाला आणि १९५६ च्या ऑक्टोबरात पोलंडमध्ये राजकीय बंधने सैल झाली. त्यानंतरच अशा अमेरिकी चित्रपटांना पुन्हा वाट मिळू लागली. हिचकॉक यांचा 'व्हर्टिगो' १९५८ चा, पोलिश भित्तिपत्रक १९६३ चे. 'द बर्ड्स' १९६३ चा, भित्तिपत्रक १९६५ चे. अंतर कसे कमी होत गेले ते येथे दिसते. अर्थात तीन उदाहरणांवरून नियम काढू नये. परंतु संग्रहालयाच्या सूचीवरून असा अभ्यास कोणी पद्धतशीरपणे केल्यास तो फलदायी ठरेल असे वाटते.

धास्तीचे चित्रण

'व्हर्टिगो'च्या दोन भित्तिपत्रकांची तुलना या विषयाच्या गाभ्याशी नेणारी आहे. सॉल बास यांचे अमेरिकी भित्तिपत्रक जगप्रसिद्ध आहे : नारिंगी पार्श्वभूमी, पांढऱ्या रेषांचा भोवरा आणि त्यात ओढल्या जाणाऱ्या दोन आकृती. ते पडण्याचे चित्र आहे. रोमान चेश्लेविच यांनी पडणे वगळले. त्यांनी एक कवटी घेतली आणि तिच्या कपाळावर एकात एक वर्तुळे ठेवली. ती नेमबाजीच्या लक्ष्यासारखी दिसतात, बोटाच्या ठशासारखीही दिसतात. बास यांच्या चित्रात गरगरणे माणसाच्या बाहेर आहे, चेश्लेविच यांच्या चित्रात ते डोक्याच्या आत आहे. चित्रपट ज्यांनी काळजीपूर्वक पाहिला असेल त्यांना दुसरे वाचन अधिक निर्दय आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, अधिक अचूक वाटेल. उंचीची भीती हे नायकाचे निमित्त आहे. एका मृत स्त्रीची प्रतिमा जिवंत स्त्रीवर लादण्याचा त्याचा हट्ट हा खरा विषय आहे. चेश्लेविच यांना हे कथानक सांगायचे नव्हते. तरीही चित्रपट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक पुन्हा त्या भिंतीपाशी आला, तर त्याला कवटीचा अर्थ उमगतो. भित्तिपत्रक दोनदा वाचले जाते.

ब्रोनिस्वाव झेलेक यांनी 'द बर्ड्स'साठी अक्षरांनाच कामाला लावले. पक्षी या अर्थाचा पोलिश शब्द पुन्हा पुन्हा छापून त्यांनी थवा निर्माण केला आणि त्यात पंख फुटलेली कवटी ठेवली. शब्द एकदा वाचला तर नाव. शंभरदा वाचला तर हल्ला. मुद्राक्षरांचा असा उपयोग मराठी मुखपृष्ठांच्या रसिकांनाही परका वाटू नये.

श्व्येझी यांचे 'मिडनाइट काउबॉय'चे भित्तिपत्रक (१९७३) याच्या उलट टोकाचे. टोपी आहे, पोशाख आहे. टोपीखाली चेहराच नाही, फक्त लाल ओठ. शहरात स्वतःला विकायला आलेल्या तरुणाचे याहून नेमके वर्णन परीक्षकांनाही क्वचितच साधले असेल. त्याच वर्षी विक्टोर गुरका यांनी 'कॅबरे'साठी नर्तकीच्या पायांचे स्वस्तिकचिन्ह केले. बर्लिनच्या रंगमंचावरील हसण्यागाण्यामागे काय वाढत होते ते या एका आकृतीत एकवटते. संगीतप्रधान म्हणून गणला जाणारा हा चित्रपट गुरका यांनी तणावप्रधान चित्रपट म्हणून वाचला. हे चित्रांतून केलेले समीक्षण आहे, आणि कित्येकदा त्या देशात प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेले पहिले समीक्षण तेच असे.

स्वातंत्र्य कोणाचे?

या भित्तिपत्रकांविषयी एक लोकप्रिय कथन आहे. हुकूमशाहीच्या डोळ्यांत धूळ फेकून चित्रकारांनी रूपकांतून विरोध व्यक्त केला, असे ते कथन सांगते. ते आकर्षक आहे आणि अर्धवट आहे. या चित्रकारांचा मालक सरकारच होता. काम सरकारी वितरण संस्थेकडून येई, छपाई सरकारी आणि मोबदलाही सरकारी. तोमाशेव्स्की १९५२ पासून वॉर्साच्या ललितकला अकादमीत प्राध्यापक होते. पुढल्या पिढीतील अनेक चित्रकार त्यांचे विद्यार्थी. विरोधकांची ही गुप्त मंडळी नव्हे.

याच्या नेमके विरुद्ध असे दुसरे स्पष्टीकरण दिले जाते. बाजारपेठ नव्हती, म्हणून तिकीट खपविण्याची सक्ती नव्हती. नटांच्या चेहऱ्याचा आकार करारात लिहिलेला नव्हता. म्हणून कला शक्य झाली. हे अधिक खरे आहे, परंतु पुरेसे नाही. चित्रपट-वितरणावर राज्याची मक्तेदारी पूर्व युरोपातील इतर देशांतही होती. चेकोस्लोव्हाकियातील भित्तिपत्रके उत्तम आहेत हे मान्य. परंतु सर्वत्र तसे घडले नाही. मक्तेदारीने जागा मोकळी केली. ती भरण्यासाठी चित्रकारांची ती आरंभीची अट, अकादमीतील परंपरा आणि रंगाला भुकेलेले शहर यांची जोड लागली. स्वातंत्र्य होते, पण ते आकाराचे होते; कोणता चित्रपट देशात यावा हे ठरविण्याचे नव्हते. स्वतःच्याच देशातील तणावप्रधान चित्रपटालाही याची झळ लागे. रोमान पोलान्स्की यांचा 'पाण्यातील सुरी' (१९६२) हा एक नौका, तीन माणसे आणि एक सुरी एवढ्यावर उभा असलेला चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. पक्षनेतृत्वाला मात्र तो रुचला नाही. चेश्लेविच आणि लेनित्सा हे दोघेही १९६३ मध्ये फ्रान्सला गेले, ही नोंदही येथे करावयास हवी.

आपल्याकडील भित्तिपत्रकांशी याची तुलना करताना सावधगिरी हवी. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 'कल्याण खजिना' (१९२४) साठी केलेले भित्तिपत्रक भारतातील आरंभीच्या सचित्र भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते. (त्याच कोल्हापूरनजीक वळिवडे येथे पुढे महायुद्धकाळात पोलिश निर्वासितांची छावणी वसली, हा निव्वळ योगायोग.) तरुणपणी हुसेन यांनी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगविले. दिवाकर करकरे यांच्या 'दीवार' (१९७५) च्या भित्तिपत्रकात तणाव आहेच. तो नटाच्या चेहऱ्यातून आणि रंगाच्या जाड थरांतून येतो. तेथे चेहरा वगळणे म्हणजे वितरकाचे नुकसान. कलावंताची कुवत कमी होती असा निष्कर्ष यातून निघत नाही.

भर दुपारी

१९६६ मध्ये वॉर्सात आंतरराष्ट्रीय भित्तिपत्रक-द्वैवार्षिक सुरू झाले आणि १९६८ मध्ये विलानूव येथे भित्तिपत्रकांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. रस्त्यावरची वस्तू संग्रहालयात गेली तरी तिचे रस्त्यावरचे आयुष्य संपले नव्हते. ४ जून १९८९ च्या निवडणुकीसाठी तोमाश सार्नेत्स्की या कलाशाखेच्या विद्यार्थ्याने 'सॉलिडॅरिटी'चे भित्तिपत्रक तयार केले. त्यासाठी त्याने फ्रेड झिनेमान यांच्या 'हाय नून' (१९५२) मधील गॅरी कूपर घेतला. सगळे गाव पाठ फिरवते आणि घड्याळाचे काटे बाराकडे सरकत असताना मार्शल एकटा उभा राहतो, असा हा तणावपटांचा जणू नमुनाच. सार्नेत्स्कीने कूपरच्या हातातील पिस्तूल काढून मतपत्रिका दिली, छातीवरील ताऱ्याच्या वर सॉलिडॅरिटीचे चिन्ह लावले आणि मागे त्या संघटनेचे नाव लाल अक्षरांत उभे केले. खाली चित्रपटाचेच पोलिश नाव आणि तारीख : भर दुपारी, ४ जून १९८९. चाळीस वर्षे परदेशी चित्रपटांना नवे भित्तिपत्रक देण्याची ज्या शहराला सवय होती, तेथील मतदाराला हा संकेत उलगडून सांगण्याची गरज नव्हती. दोन फेऱ्यांअखेर कनिष्ठ सभागृहातील खुल्या लढतीच्या सर्व १६१ जागा आणि सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या.

वितरणावरील सरकारी मक्तेदारी त्यानंतर संपली. परदेशी चित्रपटांबरोबर त्यांची तयार भित्तिपत्रकेही येऊ लागली आणि त्यानंतरच्या दशकात वॉर्साच्या भिंतींवर नटांचे चेहरे परतले. अमेरिकेत पुढे मर्यादित प्रतींची जी पर्यायी भित्तिपत्रके संग्राहकांसाठी छापली जाऊ लागली, त्यांची मांडणी पुष्कळदा पोलिश चित्रांची आठवण करून देते. फरक एवढाच की ती क्रमांक घालून, चौकटीत बसविण्यासाठी विकली जातात. त्रेपकोव्स्की यांचे मोडलेले फूल कुंपणावर खळीने डकविलेले होते आणि पावसात भिजत होते.