हँडलचा हिसका आणि ठिणगीची वेळ

झोळीतल्या लेकराला झोका देताना एक गोष्ट हाताला आपोआप कळते. झोळी पुढे निघाली की ढकलायचं. ती अजून आपल्याकडे येत असताना ढकललं, तर झोका अडतो आणि मनगटाला हिसका बसतो. मोटारीच्या इंजिनातही हाच हिसका होता. त्याच्यापायी बायका बराच काळ गाडीपासून लांब राहिल्या. आज त्याचीच गोष्ट सांगते.

पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन वर येऊन हवा आणि पेट्रोलची वाफ दाबतो, प्लगमधून ठिणगी पडते, वाफ पेटते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पण पेटायलाही थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन पार वर पोचायच्या जरा आधीच ठिणगी पाडतात. किती आधी, त्याला मिस्त्री ‘टायमिंग’ म्हणतात. (डिझेलच्या जीपमध्ये ठिणगी नसतेच. तिथं दाबाच्या उष्णतेनं डिझेल पेटतं.)

पहिला लांबचा मोटारप्रवास एका बाईनं केला. जर्मनीच्या बेर्था बेंझनं 1888 साली नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेली गाडी मानहाइमहून फोर्टसहाइमला नेली. शंभरेक किलोमीटरची वाट. सांगतात की, पेट्रोलची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली, आणि ठिणगीची तार उघडी पडली तिला मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला.

पुढे 1908 साली फोर्डची मॉडेल टी आली. ठिणगी लवकर की उशिरा, हे चालवणारा स्टेअरिंगजवळच्या दांडीनं ठरवायचा. गाडी सुरू करायला पुढून लोखंडी हँडल फिरवायचं. त्याआधी दांडी ‘उशिरा’कडे ठेवायला विसरलं, तर पिस्टन वर येत असतानाच वाफ पेटायची, हँडल उलटं फिरायचं आणि मनगट मोडायचं. मनगटाजवळच्या एका मोडीला डॉक्टर अजून ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. आपल्याकडे बुलेटची किक उलटी बसते, ती याच जातीची. बायकांमध्ये ताकद कमी म्हणून त्या गाडी चालवत नाहीत, असं म्हणणारे या हँडलचं नाव घेत नसत!

1912 साली चार्ल्स केटरिंगनं कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर दिला आणि हँडलची सक्ती सुटली. हळूहळू ती दांडीही गेली. डिस्ट्रिब्युटरमध्ये लहान वजनं बसवली. इंजिन जोरात फिरलं की गोफणीतल्या दगडासारखी ती बाहेर ओढली जात आणि ठिणगी लवकर पडे.

याच केटरिंगच्या प्रयोगशाळेत 1921 साली टॉमस मिज्लीनं पेट्रोलमध्ये शिसं घातलं. वाफ अवेळी भडकून इंजिन खडखडतं, ते थांबवायला. ते शिसं धुरातून पोरांच्या रक्तात गेलं, मेंदूला अपाय करत राहिलं. भारतात ते बंद व्हायला 2000 साल उजाडलं.

मुंबईच्या टॅक्सीतली प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. तिचे पॉइंट घासायचे, फट मोजायची, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून आवाज ऐकायचा. मग टॅक्सीत सीएनजी आला. हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्याला ठिणगी आधी लागते. एकाच गाडीत दोन इंधनं, आणि वजनांना तर एकच चाल ठाऊक.

इथं इलेक्ट्रॉनिक डबीचा उपयोग होतो. तिच्यातला ‘मॅप’ म्हणजे आपल्या बचत गटाच्या वहीसारखा तक्ता. आडव्या ओळीत इंजिनाचा वेग, उभ्या रकान्यात भार, म्हणजे चढ आहे की सपाट. प्रत्येक चौकटीत ठिणगी किती अंश आधी, तो आकडा. समजा, जळायला सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो. मिनिटाला 900 फेरे असतील तर तेवढ्यात इंजिन साधारण 11 अंश फिरतं, 3000 असतील तर 36. म्हणून एक आकडा सगळीकडे चालत नाही.

जुन्या इंजिनाला असा तक्ता बसवताना आधी पिस्टन खरोखर कुठे वर पोचतो ते तपासतात. पुलीवरची जुनी खूण सरकलेली असू शकते. मग आकडे बेतानं भरतात आणि गाडी चढावर नेऊन कान देतात. खडखड आली की त्या चौकटीतले दोन अंश कमी. ठिणगी फार लवकर पडत राहिली तर पिस्टनला भोकही पडतं. फार उशिरा पडली तर इंजिन तापतं आणि पेट्रोल पितं. दुसऱ्याच्या गाडीचा तक्ता उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्या गटाचा हिशेब आपल्या वहीत लिहिणं. झिजलेलं इंजिन आपल्या चालीनं चालतं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून 2003 साली नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. आता पद्मिनी उरल्या त्या हौशी लोकांकडे. खांडबाऱ्यात मुली बटण दाबून स्कूटी सुरू करतात, तिच्यात ठिणगीची वेळ कारखान्यातूनच भरून आलेली असते. मनगटाला काही कळतही नाही.