तिनाचा पाढा आणि जम्बो जेट

१८ जून १९१४. पॅरिसजवळ बेझाँ इथे सीन नदीच्या काठी लोकांची गर्दी जमली होती. विमानप्रवास सुरक्षित कसा करता येईल, यासाठी फ्रान्समध्ये एक स्पर्धा भरली होती. तिच्यात लॉरेन्स स्पेरी नावाचा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण आपलं यंत्र घेऊन उतरला होता. परीक्षकांसमोरून विमान नेताना त्याने दोन्ही हात वर केले. त्याच वेळी त्याचा मदतनीस एमिल काशँ पंखावर चालत बाहेर गेला. एका बाजूला माणसाचं वजन गेल्यावर विमान कलंडायला हवं होतं. ते कलंडलं, पण लगेच स्वतःच सावरलं. सुकाणूला कुणाचाही हात लागला नव्हता.

यामागचं तत्त्व भोवरा खेळलेल्या प्रत्येक मुलाच्या ओळखीचं आहे. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही. स्पेरीच्या यंत्रात असे भोवरे होते. विमान कलंडलं तरी भोवरा जागच्या जागी राही आणि त्या फरकावरून यंत्र विमानाला सरळ करी. ऑटोपायलटचा जन्म हा असा झाला. उर्दूत स्वयंचलितला सुंदर शब्द आहे, ‘ख़ुदकार’. आपलं काम आपणच करणारा.

आज मुंबईहून जिद्दा किंवा दुबईला जाणारा प्रवासी ज्या विमानात बसतो, ते बहुतेक वाट ख़ुदकारच असतं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट लावला जातो आणि उतरण्याच्या थोडं आधी तो काढला जातो. मधल्या काळात वैमानिक बटणं फिरवतात, आकडे भरतात, पडद्यावर लक्ष ठेवतात. यात वाईट काही नाही. यंत्र थकत नाही, त्याला डुलकी येत नाही, आणि हवाई प्रवास इतका सुरक्षित होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण यातून एक प्रश्न उभा राहिला आणि तो मला शिक्षक म्हणून फार जवळचा वाटतो. जे काम यंत्र रोज करतं, ते एक दिवस माणसावर येऊन पडलं तर त्याला ते येईल का? आणि विसरलंच असेल, तर नेमकं काय?

हा प्रश्न तपासायची जागा म्हणजे सिम्युलेटर. त्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवेचे भाते असतात, आपल्या बाजाच्या पेटीत असतात तसेच. लिंक यांनी तेच भाते एका लाकडी खोक्याखाली बसवले. आत बसलेल्या माणसाने दांडा हलवला की खोकं डावी-उजवीकडे झुकायचं, पुढे-मागे व्हायचं. १९२९ पर्यंत हे यंत्र तयार झालं, पण सुरुवातीला ते जत्रेतला खेळ म्हणूनच विकलं गेलं. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचं काम आलं. खराब हवेत, केवळ उपकरणं बघून उडण्याची सवय नसलेले वैमानिक एकामागून एक अपघातांत मरण पावले. तेव्हा लष्कराने लिंक यांची सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी या निळ्या खोक्यात बसून सराव केला.

इथे मला एक शब्द आठवतो, ‘तालीम’. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीची जागा आणि नाटकाची रंगीत तालीमही. सिम्युलेटरमध्ये हे तिन्ही अर्थ एकत्र येतात. शिकायचं, अंग कमवायचं आणि खरा प्रयोग होण्याआधी चुका करून घ्यायच्या. आजचा सिम्युलेटर म्हणजे पायांवर डोलणारी एक मोठी खोलीच असते. आत खऱ्या विमानाचं कॉकपिट असतं आणि काचेबाहेर रात्र, धुकं, धावपट्टीचे दिवे, सगळं दिसतं.

आता प्रश्नाकडे येऊ. तो ऐरणीवर आला तो एका अपघातामुळे. १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं एअरबस ए३३० अटलांटिकवर ३५ हजार फुटांवर होतं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण साचले. वेगाचे आकडे विश्वासाचे राहिले नाहीत, म्हणून ऑटोपायलट आपणहून सुटला. विमान धडधाकट होतं, इंजिनं चालू होती. पण वैमानिकाने नाक वर उचललं, विमान सुमारे ३८ हजार फुटांपर्यंत चढलं, वेग घटला आणि पंखांनी हवेवरची पकड सोडली. याला स्टॉल म्हणतात. त्यावरचा उपाय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. नाक खाली करायचं. स्टॉलचा इशारा वाजत होता, तरी नाक बहुतेक वेळ वरच राहिलं. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात पडलं. २२८ माणसं गेली. फ्रेंच तपासयंत्रणेने २०१२ च्या अंतिम अहवालात नोंदवलं की एवढ्या उंचीवर हाताने विमान उडवण्याचं प्रशिक्षणच या वैमानिकांना मिळालेलं नव्हतं, आणि विमान स्टॉलमध्ये आहे हे त्यांनी शेवटपर्यंत ओळखलं नाही.

जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने विमान कंपन्यांना सूचना केली, की शक्य तिथे वैमानिकांना हाताने विमान उडवू द्या. त्याच वर्षी ६ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत एशियानाचं बोइंग ७७७ धावपट्टीच्या अलीकडच्या बांधावर आपटलं. हवा स्वच्छ होती, दिवस होता. उतरणीचा मार्ग दाखवणारी यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून नजरेने उतरायचं होतं. ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतोय असा वैमानिकाचा समज होता, पण तो त्या वेळी सांभाळत नव्हता. वेग १३७ नॉट हवा होता, तो १०३ पर्यंत घसरला. तीन जणांचा मृत्यू झाला.

सगळीकडे एकच सूर उमटला, वैमानिकांचे हात विसरले. बोलायला सोपं, पटायलाही सोपं. पण खरंच तसं होतं का?

स्टीफन कॅस्नर हे नासाचे संशोधक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६ अनुभवी वैमानिकांना बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये बसवलं आणि यंत्रांची मदत कमी-जास्त करत वेगवेगळी उड्डाणं करायला लावली. ऑटोपायलट बंद. वेग सांभाळणारं ऑटोथ्रॉटल बंद. नाक कुठे ठेवायचं ते सांगणारा फ्लाइट डायरेक्टर बंद. आपण कुठे आहोत ते दाखवणारा नकाशाही बंद. आता जम्बो जेट तुमच्या हातात. या अभ्यासाचा निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

वैमानिकांचे हात विसरले नव्हते. कित्येकांना हाताने उडवायची संधी क्वचितच मिळत होती, तरी उपकरणांवरून नजर फिरवणं आणि विमान ताब्यात ठेवणं बऱ्यापैकी शाबूत होतं. थोडा गंज होता, पण हात वळत होते. अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. नकाशा नसताना आपण कुठे आहोत ते डोक्यात धरणं, पुढची पायरी कोणती ते ठरवणं, एखादं उपकरण खोटं बोलतंय हे ओळखणं. या विचाराच्या कामांत चुका वारंवार झाल्या.

एक उदाहरण घेऊ. विमान ३५ हजार फुटांवर आहे. उतरायला कुठून सुरुवात करायची? वैमानिकांचा जुना हिशेब असा, की हजारात मोजलेल्या उंचीला तिनाने गुणायचं. पस्तीस त्रिक एकशेपाच. म्हणजे सुमारे १०५ नॉटिकल मैल आधीपासून खाली यायला लागायचं आणि वेग कमी करायला थोडं अंतर जास्त धरायचं. खाली येताना दर मिनिटाला किती फूट उतरायचं? जमिनीवरच्या वेगाला पाचाने गुणा. १४० नॉट असेल तर ७०० फूट. हा सगळा खेळ तिसरी-चौथीतल्या पाढ्यांचा आहे. कठीण काहीच नाही. पण विमानातला संगणक हे गणित रोज स्वतः करतो आणि उत्तर पडद्यावर दाखवतो. माणसाने गणित करायचं सोडलं, की पडद्यावरचं उत्तर चुकलंय का हे कळायचं साधनही त्याच्याकडे उरत नाही.

म्हणून मला या प्रयोगाचं महत्त्व फार वाटतं. हातात उतरलेलं हुनर वर्षानुवर्षं टिकतं. सायकल कोण विसरतं? विचार मात्र रोजच्या रोज करावा लागतो. उर्दूत सरावाला ‘मश्क़’ म्हणतात. मश्क़ हाताला लागते, तशी विचारालाही लागते, आणि विचाराला जरा जास्तच लागते.

याची एक वेदनादायक साक्ष आपल्या मुंबईच्या समुद्रात आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं. किनारा मागे पडला आणि समोर काळोख. रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नाही, तेव्हा विमान सरळ आहे की कलंडलंय हे एका उपकरणावरून कळतं, त्याला कृत्रिम क्षितिज म्हणतात. कॅप्टनसमोरचं ते उपकरण बिघडलं होतं. विमान उजवीकडे झुकलंय असं ते दाखवत राहिलं. कॅप्टनने ते खरं मानून विमान डावीकडे झुकवलं, आणखी झुकवलं, आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ जणांचा अंत झाला. कॉकपिटमध्ये असं दुसरं उपकरण सहवैमानिकासमोर होतं आणि तिसरं राखीवही होतं. तिन्ही पडताळून खोटं कोणतं हे ठरवायला जे काही क्षण होते, ते निसटले. दोष त्या बिघडलेल्या उपकरणाचा होताच. पण हातांचा नव्हता. हात तर उपकरणाने सांगितलं तेच इमानाने करत होते.

लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच या विसंगतीवर बोट ठेवलं होतं. सोपी कामं यंत्राकडे जातात आणि यंत्राला न झेपणारं अवघड काम माणसाकडे उरतं. म्हणजे ज्याचा सराव सगळ्यात कमी, त्याच्यावर सगळ्यात कठीण प्रसंग येतो.

यावर उपाय सुरू झाले आहेत. अमेरिकेत मार्च २०१९ पासून मोठ्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये स्टॉलमधून सावरणं, वेगाचे आकडे गेल्यावर विमान सांभाळणं, हाताने निघणं आणि हाताने येणं, यांची तालीम सक्तीची झाली. पण कॅस्नर आणि सहकाऱ्यांच्या आणखी एका प्रयोगाने इशारा दिला आहे. नेहमीच्या चाचणीत येतो तसाच प्रसंग आला तर वैमानिक सफाईने उत्तर देत. तोच प्रसंग अचानक, वेगळ्या रूपात आला की गडबडत. आम्ही शिक्षक हे ओळखतो. गाइडमधला प्रश्न आला की पूर्ण गुण, आणि प्रश्न फिरवून विचारला की कोरा कागद.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. आज मुलांच्या घरी फोन आहे आणि फोन क्षणात भाषांतर करून देतो. मी त्याला नावं ठेवणार नाही. आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांत मराठी अर्ज वाचून दाखवणारं दुसरं कुणी नसतं, तिथे तो फोनच आधार आहे. पण समजा, ‘त्याने प्रयत्नांची शिकस्त केली’ हे वाक्य आलं. मराठीत याचा अर्थ त्याने शर्थ केली. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. फोनने इथे घोळ घातला, तर तो पकडणार कोण? ज्या मुलाने दोन्ही भाषांत स्वतः वाक्यं जुळवली आहेत, तोच. बाकीच्यांची वही अक्षर सुबक, पण अर्थ उलटा, अशी राहील.

म्हणून आठवड्यातला एखादा तास ‘ऑटोपायलट बंद’चा असावा असं मला वाटतं. त्या तासाला फोन नाही, गाइड नाही, आणि प्रश्न कधी न पाहिलेला. उत्तर चुकलं तरी चालेल, पण ते कसं काढलं हे मुलाने तोंडाने सांगायचं. घरी पालकांनाही हे करता येईल. बाजारातून आल्यावर बिल मोबाइलवर तपासण्याआधी मुलीला विचारा, अंदाजे किती झाले असतील? उत्तर दहा रुपयांनी चुकलं तर हरकत नाही. शंभर रुपयांनी चुकलं, तर तिचं तिलाच खटकलं पाहिजे.